भुताला पेट्रोल लागत न्हाई

बिघडलेली मोटार दारात येऊन उभी राहिली, की मोनाप्पा मिस्त्री तिच्याकडे पाठ करून बसायचा. मालकाला समोरच्या दगडावर बसवायचा, चंची उघडून पान लावायचा आणि विचारायचा, "हं, सांगा. काल कुठं गेल्ती? कोन कोन बसलं व्हतं? वाटंत काय काय झालं?"

मालक घाईत असायचा. "मिस्त्री, आधी ते झाकण तर उघड," म्हणायचा.

त्यावर मोनाप्पाचं उत्तर ठरलेलं होतं. "इंजन आपल्या मनानं आजारी पडत न्हाई. मानूस पाडतंय त्याला. आधी मानूस उघडतो, मग झाकण."

मन्नाएखेळ्ळीला हमरस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली त्याचं पत्र्याचं शेड होतं. त्याला लागून माझं शिवणकामाचं दुकान. निजामाच्या राज्यातले दिवस ते. मोटारी मोजक्याच, त्याही जहागीरदारांच्या नाहीतर आडत्यांच्या. त्यांचे टप कापडी असायचे. ऊनवाऱ्यानं टप फाटला, गादी उसवली, की ते काम माझ्याकडे यायचं. मोटारीचं पोट मोनाप्पाचं आणि टोपी माझी, अशी आमची वाटणी होती. परगावचं मोठं काम आलं की तो मलाही सोबत ओढून न्यायचा.

जातीनं तो पांचाळ. बाप बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा. हा तरणा असताना हैदराबादला पळाला, कुणा जहागीरदाराच्या मोटारखान्यात राहिला आणि पुष्कळ वर्षांनी परत आला तो पान्यांची पिशवी, दखनी बोली आणि टोकदार मिशा घेऊन. मिशांवर त्याचा फार जीव. काम जमलं की काळ्या बोटांनी मिशी पिळायचा, त्यामुळे ती पांढरी झालेली कुणाला कधी दिसलीच नाही. "हैद्राबादेत मोटार नुस्ती गुरगुरली, की नवाबसाब म्हनायचे, मोनाप्पाकू बुलाव," हे तो दिवसातून एकदा तरी सांगायचाच. आतून त्याची बायको ओरडायची, "मोटारी धुवायला बलवत व्हते म्हनून सांगा की!" मग तोच सगळ्यांच्या आधी हसायचा.

बढाईखोर होता, पण बढाईच्या पोटात काम होतं. सागाची एक काठी त्यानं जपून ठेवली होती. तिचं एक टोक चालत्या इंजनावर आणि दुसरं कानाशी धरून डोळे मिटायचा. धुराची नळी दिसली की तळहातावर धूर घेऊन हुंगायचा, चव घ्यायचा तेवढं बाकी ठेवायचा. आणि दुखणं सापडलं, की ते कुणामुळे झालं हे चारचौघांत मोठ्यानं सांगायचा. ही त्याची खोड. "मालक, तुमचा डायवर पेट्रोल काढून घासलेट वततोय," म्हणजे ड्रायव्हर तिथल्या तिथे बेकार. "तुमच्या भावानं बिनपान्याची पळवली," म्हणजे भावाभावांत भांडण. मी म्हणायचो, "मिस्त्री, गाडी दुरुस्त करा की नुसती. मानसं कामून मोडायलाव?" तो म्हणायचा, "दोष झाकला की परत येतंय, नामा. मी खोटं बोलत न्हाई."

या खोडीनं एकदा फार वाईट केलं. हुमनाबादकडच्या एका आडत्याची मोटार आली होती. ब्रेक अडकत होते. आडत्या समोर, त्याचा तरणा लेक बाजूला उभा. मोनाप्पानं चाक उघडलं, आतली ओली रेती चिमटीत घेतली, मुलाच्या चपलांकडे पाहिलं आणि भर बाजारात जाहीर केलं, "गाडी मांजरेच्या पात्रात जाऊन आली. कोन घेऊन गेलं ते तुमच्या लेकाच्या पायाला इचारा." बापानं तिथेच, शंभर माणसांत, पोराच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी पोरगा घर सोडून गेला तो गेलाच. त्यानंतर दर बाजारच्या दिवशी त्याची आई आमच्या रस्त्यावर यायची आणि थांबेल त्या मोटारवाल्याला विचारायची, असा असा मुलगा कुठं दिसला का. मोनाप्पाला तिनं कधी एक शब्द विचारला नाही. ती दिसली, की मोनाप्पा कुठल्यातरी गाडीखाली शिरायचा आणि ती जाईपर्यंत बाहेर यायचा नाही. खाली ठोकल्याचा आवाजही नसायचा.

अशात हुलसूरहून निरोप आला. दुसऱ्या महायुद्धाचे शेवटचे दिवस असतील. हुलसूरचे बसलिंगप्पा, सगळ्यांचे अप्पा, म्हणजे बसवण्णांना मानणारं, शेतीव्यापारातलं मोठं घर. त्यांची काळी मोटार पूर्वी मोनाप्पाच्याच हाताखालून गेली होती. अप्पा वारून वर्ष-दोन वर्षं झाली होती, आणि आता ती मोटार बंद केली तरी बंद पडत नव्हती.

आम्ही गेलो. वाड्यापुढच्या ओट्यावर अप्पांचा धाकटा भाऊ शरणप्पा बसला होता. घरचा कारभार आता त्याच्याकडे होता. मोनाप्पानं नेहमीप्रमाणे मोटारीकडे पाठ केली आणि विचारलं, "कवा व्हतंय असं?"

"ते वैनीलाच इचार," शरणप्पा तुटकपणे म्हणाला.

अप्पांची बायको दारात उभी होती. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं. अक्कानं सांगितलं ते असं. शेजारच्या मेहकर गावाच्या वाटेवर त्यांचं खालचं शेत आहे. तिथेच अप्पांना माती दिली, तिथेच समाधी आहे. दर सोमवारी ती मोटारीनं समाधीला जाते. गावात हिंडवली, बाजारात नेली, तर मोटार किल्ली फिरवताच गप्प होते. पण समाधीवरून परत आली, की दारात किल्ली काढून घेतली तरी इंजन चालूच राहतं. धडधडतं, हुंदके दिल्यासारखं हलतं, मग कधीतरी थांबतं.

"लोक म्हनायलेत," शरणप्पा म्हणाला, "अप्पा मोटारीत बसून घरी यायलेत म्हनून. बसवण्णाच्या घरात असली गोष्ट! परवा एकानं भटजी बलवून शांत करा म्हनून सांगितलं. आमच्यात शांत करतेत का कधी? मोटार इकतो आनि हिचं शेताला जानं बंद करतो. म्हंजी भानगड मिटली."

अक्का त्याच्याकडे न बघता मोनाप्पाला म्हणाली, "मिस्त्री, मोटारीचं जे व्हायचं ते होऊ द्या. मला एकच सांगा. आमच्यात मानूस गेलं की लिंगैक्य झालं म्हनतेत. मागं काई उरत न्हाई. आनि ह्ये मानूस दर सोमवारी माझ्यासंगं दारापतोर येतंय. म्हंजी त्येंला तिथं जागा मिळाली न्हाई का? अडकून पडलेत का माझ्यापायी?"

मोनाप्पाला असला प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. तो पान चघळायचा थांबला.

पण स्वभाव जातो कुठे? जरा वेळानं झाकण उघडलं आणि मिशी पिळली. मोटार जुनी होती. तिची ठिणगी मॅग्नेटोवर पडायची, म्हणजे इंजनाबरोबर फिरून आपली वीज आपणच करणाऱ्या यंत्रावर. किल्ली बंद केली, की एका तारेवाटे ती वीज लोखंडात जिरते आणि ठिणगी मरते. ती तार तुटली, की किल्ली फक्त नावाला उरते. मोनाप्पाला तार एके ठिकाणी झिजलेली दिसली. त्यानं नवी बसवली, गावातून एक चक्कर मारली, दारात येऊन किल्ली फिरवली. इंजन गप्प. "मोनाप्पाकू बुलाव!" तो माझ्याकडे बघून ओरडला. घरातून तळणाचा खमंग वास येत होता, मला वाटलं आमच्यासाठीच भजी चालली आहेत. प्रत्यक्षात जेवायला भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी होती.

दुसरा दिवस सोमवार. अक्का मागे बसली, ड्रायव्हर हणमंतू पुढे, आम्ही दोघेही गेलो. समाधीवर बेलफूल वाहून निघालो. वाट चढाची, काळ्या मातीतली. मोटार खालच्या गिअरमध्ये घुमत घुमत वर आली. वाड्यापुढे अर्धं गाव जमलं होतं. हणमंतूनं किल्ली फिरवली, काढून मोनाप्पाच्या हातात दिली.

इंजन चालूच.

गर्दीत कुणीतरी "अप्पा आले" म्हणालं आणि चारदोन जणांनी हात जोडले. अक्का मागच्या गादीवर डोळे मिटून बसली होती. मोनाप्पाचा चेहरा बघवत नव्हता. त्यानं झाकण उघडलं, ठिणगीच्या सगळ्या तारा एकेक करून उपटून टाकल्या. आता ठिणगीचा संबंधच उरला नाही, तरी इंजन गचके देत चाललेलं. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात विठ्ठलाचं नाव घेतलं.

मोनाप्पानं सागाची काठी लावली, डोळे मिटले. मग शांतपणे खाली वाकला आणि पेट्रोलची तोटी बंद केली. इंजन दोनदा उचकलं आणि मेलं.

तो उठला, गर्दीकडे वळला. "बगितलाव? पेट्रोल तोडलो, की गेलं. भुताला पेट्रोल लागत न्हाई. ह्ये भूत न्हाई."

"मंग काय हाय?" शरणप्पानं विचारलं.

"ते उघडल्याबिगर सांगत न्हाई," मोनाप्पा म्हणाला. आधी माणूस उघडणारा हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आधी इंजन उघडायला बसला.

मोटार वाड्यामागच्या गोठ्यात ढकलत नेली. इंजनाचं डोकं उतरवलं, तसा तो भज्यांचा वास भस्सकन वर आला. मी म्हणालो, "मिस्त्री, कालचा वास घरातला नव्हता." त्यानं मान हलवली. आत पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा थर बसला होता. साधी काजळी बोटाला लागते. ही खरवडूनही निघेना, तव्याच्या बुडाला जळकं तेल धरतं तशी घट्ट.

"ह्ये बघ," तो हळू आवाजात म्हणाला. "चुलीतला जाळ विझवला तरी निखारा ऱ्हातोय का न्हाई? तसं हाय. चढावर इंजन तापलं, की ही काजळी लाल व्हतीय. मग ठिणगी असो नसो, पेट्रोल आलं की तिच्यावरच पेटतंय. गावात हिंडून इंजन तेवढं तापत न्हाई, म्हनून तिथं बंद पडतंय." मग बोट नाकाशी नेलं. "पर ह्ये इंजनाचं तेल न्हाई, नामा. ह्ये करडीचं हाय."

गोठ्याच्या वळचणीला वेळूचं नळकांडं खोचलेलं होतं, कारहुणवीला बैलांना तेल पाजायचं. आमच्या भागात ज्येष्ठाच्या पुनवेला हा सण असतो. बैल धुतात, शिंगं रंगवतात आणि वर्षभराच्या कष्टाचं म्हणून हळद घातलेलं करडीचं तेल त्यांना पाजतात. मोनाप्पानं ते नळकांडं काढलं आणि हणमंतूकडे बघितलं. हणमंतू रडकुंडीला आला.

"अप्पा व्हते तवापासनं चालत आलंय," तो म्हणाला. "ह्योबी आपला बैलच की, म्हनून अप्पा चार थेंब इंजनात सोडायचे, शास्त्रापुरते. अप्पा गेले. बैलांना तेल पाजायचं काम शरणप्पा मालकाकडं गेलं, कर्त्या गड्याचं काम ते. अक्कांना कुनी इचारलंच न्हाई. त्या गुपचूप हितं आल्या. म्हनल्या, त्येंची मोटार सनाला उपाशी ऱ्हाऊ ने. तांब्या भरून वतल्या. मागनंबी सोमवारी कवा कवा घालायच्या. लढाईपायी इंजनाचं तेल मिळंना, मलाबी वाटलं, असू दे."

मी डोक्याला हात लावला. मोनाप्पा काय करणार हे मला ठाऊक होतं. ओट्यावर जाऊन खणखणीत आवाजात सांगणार. आणि शरणप्पाला हवं होतं तेच मिळणार: बाईनं, तेही नवऱ्यामागं राहिलेल्या बाईनं, कर्त्याचा मान चोरून घेतला, मोटार बिघडवली, घराण्याची गावभर शोभा केली. मग सोमवारही गेले आणि समाधीही गेली. मी म्हणालो, "मिस्त्री, जरा बगून बोला." त्यानं नळकांडं परत वळचणीला खोचलं, नीट, पहिल्यासारखं.

ओट्यावर घरचे, भाऊबंद, गावकरी सगळे होते. अक्का दाराच्या आत. मोनाप्पा खाली उभा राहिला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"भूत न्हाई, खेत न्हाई," तो म्हणाला. "अप्पा जितं जायचं तितं गेले. आत काजळी धरली, ती निखाऱ्यावानी पेटायली. एवढंच."

"काजळी कामून धरली?" शरणप्पानं विचारलं. "कुनाचा तरी दोष असंल की. तू तर दोष सांगनारा मानूस."

मोनाप्पानं आपल्या काळ्या हातांकडे पाहिलं. ओट्यावर कुणीतरी खाकरलं. मग तो म्हणाला, "दोष माझा हाय. अप्पांनी मागं गाडी आनली व्हती, तवा मी भलतंच तेल घातलो इंजनात. स्वस्तातलं. ते जळून बसलं."

"म्हंजी तूच?"

"हाव. मीच."

शरणप्पा पेटला. जे जे बोलायचं ते सगळं बोलला, हैदराबादचा मोटारखानाही काढला. भाऊबंद हसले. मोनाप्पा खाली मान घालून ऐकत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा हात मिशीकडे गेला नाही. दाराच्या आत अक्काची मान मात्र वर झालेली मी पाहिली. कोणतं तेल, कुणी घातलं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

त्यानं काजळी खरवडली, घासलेटनं सगळं धुऊन काढलं, तेल बदललं. इंजन परत बसवल्यावर अक्का म्हणाली, "मी बसते. समाधीला जाऊन येऊ." गेलो, आलो. तोच चढ, तोच घुमणारा आवाज. दारात हणमंतूनं किल्ली फिरवली.

इंजन तिथल्या तिथे थांबलं. एवढी शांतता झाली, की गोठ्यातल्या बैलाच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. अक्का उतरली नाही. किती तरी वेळ तशीच बसली, कान देऊन. मग डोळ्याला पदर लावला.

"गेले," ती म्हणाली. "आता खरंच गेले. बरं झालं." आणि रडली. तिला हेच हवं होतं आणि हेच नको होतं. मोनाप्पा मोटारीच्या पुढे उभा होता. काम फत्ते झालं होतं, पण त्यानं तोंड फिरवून घेतलं.

परतताना मला राहवलं नाही. "मिस्त्री, खोटं बोलत न्हाई म्हनत होता. मंग आज कामून?"

तो म्हणाला, "एक पोरगं घालवलो, नामा. त्याची माय अजून सडकंवर हुभी ऱ्हातीय. आता पुरं झालं."

त्या खोट्याची किंमत त्यानं भरली. गोष्ट गावोगाव पसरली. येणारा जाणारा विचारायचा, "मोनाप्पा, आमच्या इंजनात कंचं तेल घालायलास बाबा?" काही गिऱ्हाइकं हुमनाबादला जाऊ लागली. बायकोनं तर डोकं उठवलं. खरं काय ते एका शब्दात सांगता आलं असतं, पण त्यानं ते तिलाही सांगितलं नाही आणि मलाही सांगू दिलं नाही. मालकाला समोर बसवून विचारायची रीत त्यानं मोडली नाही, दुखणंही अचूक सांगायचा. फक्त ते कुणामुळे झालं हे आता चारचौघांत यायचं नाही. मालकाला बाजूला नेऊन, खांद्यावर हात ठेवून सांगायचा. मला तो मोनाप्पा आधीच्यापेक्षा जास्त आवडायचा, हे मी त्याला कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

अठ्ठेचाळीस साली दिवस बिघडले. गावागावांत भीती होती. आमच्यासारख्या पुष्कळांनी सोलापूरचा रस्ता धरला. मी शिवणयंत्र गोणपाटात बांधलं, बायकामुलं बैलगाडीत बसवली. नेमकी कारहुणवी होती, पण त्या वर्षी कुणाच्या बैलाची शिंगं रंगली नव्हती.

मोनाप्पाचा निरोप घ्यावा म्हणून शेडकडे वळलो, तर लिंबाखाली हुलसूरची काळी मोटार उभी. अशा दिवसांत एवढ्या लांब अक्का आली होती. मोनाप्पा त्याच्या गिऱ्हाइकांच्या दगडावर मांडी घालून बसला होता. अक्काच्या हातात तांब्या होता, करडीच्या तेलाचा, हळद घातलेला.

"मोटारीला पाजायचं न्हाई," ती म्हणत होती, "मग सनाचं कुनाला देऊ? इतकी वर्सं माझं वझं तुमीच उचललाव."

तिनं त्याच्या डोक्यावर तेल ओतलं आणि आईनं पोराच्या टाळूवर जिरवावं तसं तळहातानं जिरवलं. मग त्याचे काळे हात पुढे ओढून त्यांनाही चोळलं. मोनाप्पाची बायको शेडच्या दारात उभी राहून बघत होती. तिला तेव्हा काय ते कळलं असावं, कारण ती तोंडावर पदर धरून हुंदके देत होती. एरवी दहा माणसांचं बोलणं एकटा बोलणारा मोनाप्पा डोळे मिटून गप्प बसला होता. तेल कपाळावरून ओघळून मिशांत उतरत होतं, आणि त्याच्याबरोबर कित्येक वर्षांचा काळा रंगही उतरत होता. मिशी पांढरीशुभ्र होती.

मी हाक मारली नाही. गाडीवानाला म्हटलं, चल.